स्वस्त स्नेअरचा आवाज सुधारायचा असेल तर आधी तो उलटा करा

स्नेअर म्हणजे ड्रमसेटमधला, खालच्या पडद्याला धातूच्या तारा लावलेला ड्रम. स्वस्त ड्रमसेटमधला स्नेअर वाजवला की बहुतेकांना दोन गोष्टी खटकतात. जोरात मारलं की रिकामा पत्र्याचा डबा वाजावा तसा ठणठणाट होतो, आणि हळू मारलं की तारा बोलतच नाहीत. मग सगळा दोष शेलवर, म्हणजे ड्रमच्या गोल अंगावर जातो. लाकूड हलकं आहे, पत्रा पातळ आहे, यातून आणखी काय निघणार? हा निष्कर्ष घाईचा आहे. शेलचा आवाजात वाटा असतोच, पण तो लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी असतो. स्वस्त स्नेअर रडतो तो सहसा चार गोष्टींमुळे: कारखान्यातून आलेली सुमार हेड्स (ड्रमवर ताणलेले पडदे), वाकड्यातिकड्या ताणलेल्या तारा, कडेवरचे बारीक दोष आणि कोणीही नीट न केलेलं ट्यूनिंग. यातल्या पहिल्या दोन गोष्टी बदलता येतात, तिसरी बऱ्याचदा सांभाळून घेता येते आणि चौथीला एक पैसाही लागत नाही.

या चारही गोष्टींचा मोठा भाग ड्रमच्या खालच्या बाजूला असतो. वाजवणाऱ्याला ती बाजू दिसत नाही, म्हणून तिच्याकडे वर्षानुवर्षं कोणी पाहत नाही. वरचं हेड दोनदा बदललेलं आणि खालचं मात्र कारखान्यातून आलं तेच, असे ड्रम सर्रास सापडतात. म्हणून या लेखात खालच्या बाजूला जास्त जागा दिली आहे.

आवाज तयार कसा होतो

नेहमीचा स्नेअर १४ इंच व्यासाचा आणि ५ ते ६.५ इंच खोलीचा असतो. वरच्या हेडवर काठी पडली की ते आत दबतं, आतली हवा दाबली जाते आणि ती खालच्या हेडला ढकलते. खालच्या हेडला चिकटून बसलेल्या धातूच्या तारा त्या धक्क्याने उचलल्या जातात आणि परत हेडवर आपटतात. हे झपाट्याने पुन्हा पुन्हा होतं आणि आपल्याला तो ओळखीचा चर्र आवाज ऐकू येतो. म्हणजे काठी वर पडते, पण ज्या आवाजामुळे या ड्रमला स्नेअर म्हणतात तो खाली जन्मतो.

खालचं हेड म्हणूनच फार पातळ असतं. हेडची जाडी मिलमध्ये मोजतात. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वरचं सर्वसाधारण हेड १० मिलचं, म्हणजे सुमारे पाव मिलीमीटर जाडीचं असतं. खालचं सहसा ३ मिलचं, म्हणजे ०.०८ मिलीमीटरच्याही आतलं. इतकं पातळ असल्यामुळेच हलक्या ठोक्यालाही ते लगेच हलतं. खालच्या बाजूला चुकून जाड हेड लागलं असेल तर कितीही चांगल्या तारा लावल्या तरी त्या आळसावल्यासारख्याच वाजणार.

आता ठणठणाटाचं कारण. सतारीसारख्या वाद्याच्या तारेचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ पटीत येतात, म्हणून तार सुरात लागते. गोल ताणलेल्या पातळ पडद्याचं तसं नसतं. आदर्श पडद्याचे पुढचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० अशा आडनिड्या पटीत पडतात. त्यामुळे स्नेअरमधून एकच स्वच्छ स्वर कधी निघत नाही, आणि तो निघावा अशी अपेक्षाही नको. पण १.५९ पटीचा हा पहिला उपस्वर फार महत्त्वाचा आहे. त्यात हेडचा अर्धा भाग वर जातो तेव्हा दुसरा अर्धा खाली जातो. ताण सगळीकडे सारखा असेल तर हे हेलकावणं कुठल्याही दिशेला एकाच वेगाने होतं. एका बाजूला ताण जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल तर मात्र त्या एका उपस्वराचे दोन जवळजवळचे स्वर होतात. ते एकमेकांवर आदळतात आणि ठोक्यानंतर आवाज ‘वँवँवँ’ असा डोलत राहतो. कानाला लागणारी, टेप चिकटवूनही न जाणारी ती ओंगळ आस (ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद) बऱ्याचदा हीच असते. टेपने ती दबते, पण तिचं कारण तसंच राहतं.

पैसे काढण्याआधी स्क्रू काढा

दोन्ही हेड्स, दोन्ही रिम्स (बोल्टांनी आवळून हेड ताणून धरणारी कडी) आणि तारा काढून नुसतं शेल समोर ठेवा. मग एक सपाट पृष्ठभाग हवा. जाड काचेचं टेबल किंवा गुळगुळीत दगडी ओटा उत्तम. त्यावर शेल पालथं ठेवा, खोलीतला दिवा मालवा आणि आत टॉर्च लावून कडेभोवती बाहेर प्रकाश कुठे झिरपतो ते पाहा. हेड ज्या धारेवर टेकतं ती धार सगळीकडे टेकायला हवी. वरच्या बाजूला कुठेही फट दिसू नये. खालच्या बाजूला मात्र समोरासमोर दोन ठिकाणी प्रकाश दिसलाच पाहिजे, कारण तिथे मुद्दाम हलका खोलगट उतार दिलेला असतो. त्याला स्नेअर बेड म्हणतात.

हा उतार जेमतेम एखाद-दोन मिलीमीटरचा असतो, पण स्नेअरची निम्मी तब्येत त्यावर ठरते. तारा ज्या पट्टीला झाळलेल्या असतात त्या पट्टीला जाडी असते. कड सपाटच राहिली तर त्या जाडीमुळे तारांची टोकं हेडपासून उचलली जातात आणि तारा फक्त मधल्या भागात टेकतात. उतार असला की तिथे हेड थोडं खाली झुकतं आणि तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगाला अंग लावून बसतात. स्वस्त ड्रममध्ये हा उतार कधी नावापुरता असतो, तर कधी इतका अरुंद आणि खोल की हेडला तिथे सुरकुत्या पडतात. पहिल्या प्रकारात पातळ पट्टीच्या तारा निवडल्या तर फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात बेडच्या दोन्ही अंगांचे मिळून चार बोल्ट बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त ताणले की सुरकुत्या बऱ्याच निघतात. कानस घेऊन उतार स्वतः वाढवायच्या भानगडीत मात्र पडू नका. काढलेलं लाकूड परत येत नाही, आणि धातूच्या शेलला तर हात लावण्यातही अर्थ नाही.

बाकीची तपासणी पटकन होते. रिम सपाट टेबलावर ठेवून डुलते का पाहा. शेलचा व्यास तीन-चार दिशांनी मोजा. तो सगळीकडे जवळजवळ सारखा यायला हवा, आणि नवं हेड शेलवर ठेवलं तर ते अडकून न बसता मोकळेपणी फिरायला हवं. लाकडी धारेवर गोंदाचे थेंब किंवा लाखेचे टिपके सुकून राहिले असतील तर ते अगदी बारीक सँडपेपरने हळुवार काढता येतात. आतून लग (बोल्ट ज्यांत फिरतात ते शेलवरचे तुकडे) धरून ठेवणारे स्क्रू ढिले असतील तर आवळा. लगच्या पोटात स्प्रिंग असेल तर ती ठोक्याबरोबर खुळखुळते. तिथे कापसाचा किंवा फेल्टचा लहानसा बोळा भरला की ती शांत होते. हेडचा वाटणारा खडखडाट कित्येकदा या स्प्रिंगचाच असतो. बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा. कोरडे बोल्ट अडकत अडकत फिरतात, मग हाताला वाटतं ताण वाढला आणि प्रत्यक्षात वाढलेला नसतो. बोल्टच्या डोक्याखाली प्लास्टिकचे वॉशर नसतील तर घालून टाका, ते ताण टिकवायला मदत करतात.

खर्च करायचा तर क्रमाने

पहिलं खालचं हेड. ३ मिलचं, खास स्नेअरच्या खालच्या बाजूसाठी बनवलेलं. २ मिलचं आणखी संवेदनशील असतं पण नाजूक, आणि ५ मिलचं दणकट पण सुस्त. ३ मिल बहुतेकांना पुरतं. यावर कधीही काठी मारायची नाही आणि बसवताना तळहाताने दाबायचंही नाही.

दुसरं वरचं हेड. १० मिलचं एकपदरी, पांढऱ्या खरखरीत लेपाचं हेड घेतलं तर ते जवळजवळ सगळ्या प्रकारच्या संगीतात चालतं, ब्रशही त्यावर नीट वाजतात. जोरात वाजवणाऱ्याला दोनपदरी हेड जास्त टिकेल. त्याची आस कमी आणि आवाज भरीव असतो, पण हलके ठोके थोडे बुजतात. मध्यभागी ठिपका असलेली किंवा कडेला आतून रिंग असलेली हेड्सही असतात, आणि ठणठणाटावर लोक पहिल्यांदा तीच सुचवतात. माझं स्पष्ट मत असं की साध्या एकपदरी हेडवर आधी ट्यूनिंग शिकावं. दाबलेल्या हेडवर चूक ऐकूच येत नाही, मग ती सुधारणार कशी?

प्लास्टिकची ही हेड्स तशी अलीकडची. चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी १९५६-५७ च्या सुमारास पॉलिएस्टर फिल्मची हेड्स बाजारात आणली. त्याआधी ड्रमवर वासराचं कातडं असायचं आणि हवेतल्या ओलाव्याने ते उतरायचं. आज स्वस्त हेड आणि चांगलं हेड दोन्ही प्लास्टिकचीच असतात. फरक पडतो तो फिल्म एकसारखी आहे का आणि कड्यात ती किती पक्की धरली आहे यात. सुमार हेड ताण दिल्यावर कड्यातून किंचित सरकतं, आणि रोज लावूनही रोज उतरलेलं सापडतं.

तिसऱ्या तारा. २० पदरी तारा सर्वसामान्य मानल्या जातात. १२ किंवा १६ पदरी घेतल्या तर ड्रमचा स्वतःचा नाद जास्त ऐकू येतो, ३० किंवा ४२ पदरी घेतल्या तर चर्र आवाज सगळं व्यापून टाकतो. ठणठणाटाला कंटाळलेला माणूस ४२ पदरीकडे वळतो, पण त्याने दोष झाकला जातो आणि हलक्या ठोक्यातली नजाकतही त्याखाली जाते. मी २० वरच थांबेन. पदरांच्या संख्येपेक्षा तारा सरळ आणि सारख्या ताणाच्या असणं महत्त्वाचं. काचेवर ठेवून डोळ्याच्या पातळीवरून पाहा: एखादा पदर वर उचललेला किंवा सैल लोंबणारा असेल तर तो एकटाच सतत खरखर करतो. नव्या तारा आणायच्या नसतील तर तो एक पदर दोन्ही टोकांना पट्टीजवळ पक्कडीने कापून टाका. एका पदराने आवाज कमी होत नाही, खरखर मात्र जाते.

इथपर्यंतचा खर्च जवळजवळ प्रत्येक स्नेअरला लागू पडतो. पुढचा खर्च विचार करून. साधी घडीची रिम १.६ मिलीमीटर पत्र्याची असते, जाड येते ती २.३ मिलीमीटरची. जाड रिममुळे ताण बोल्टांमधल्या जागेतही सारखा पसरतो, रिमशॉट (हेड आणि रिम दोन्हींवर एकदम पडणारा ठोका) ठाम येतो. ओतीव रिम आणखी कडक असते आणि आस कमी करते, पण थोड्या वाकड्या शेलवर ती जुळवून घेत नाही. नवी रिम घेताना बोल्टांची संख्या मोजा, ८ आणि १० च्या रिम वेगळ्या असतात, आणि खालच्या रिमला तारांच्या पट्ट्यांसाठी खाचा हव्यात. तारा चालू-बंद करणारा स्ट्रेनर वाजवताना स्वतःहून सुटत असेल तर बदलावा लागेल, पण आधी शेलवरची छिद्रं नव्या स्ट्रेनरशी जुळतात का ते मोजा.

ट्यूनिंग

ट्यूनिंगची सुरुवात खालच्या हेडपासून करा. तारा अजून लावू नका. हेड ठेवा, खाचा बेडच्या बरोबर वर येतील अशी रिम ठेवा, सगळे बोल्ट बोटांनी फिरतील तेवढेच फिरवा. मग बोल्ट फिरवायची चावी घ्या. बहुतेक ड्रमच्या बोल्टला इंचाला २४ आटे असतात, म्हणजे चावीच्या पूर्ण एका फेऱ्यात रिम साधारण एक मिलीमीटर खाली येते. पाव फेरा म्हणजे पाव मिलीमीटर. इतक्या बारीक हालचालीने स्वर बदलतो, हे लक्षात ठेवलं की हात आपोआप सावकाश चालतो. एक बोल्ट, मग त्याच्या समोरचा, मग मधले सोडून पुढचा आणि त्याच्या समोरचा, अशा क्रमाने प्रत्येकाला अर्धा फेरा द्या. सुरकुत्या गेल्या की पाव फेऱ्यावर या.

ताण आला की खरं ऐकायचं काम सुरू होतं. ड्रम मऊ गादीवर ठेवा म्हणजे दुसऱ्या बाजूचं हेड गप्प राहील. एक बोट हेडच्या मध्यावर अगदी हलकं टेकवा आणि प्रत्येक बोल्टसमोर, कडेपासून इंचभर आत, काठीच्या टोकाने टकटक करा. मध्यावर बोट असल्यामुळे मूळ स्वर दबतो आणि मघाचा तो १.५९ वाला उपस्वर स्वच्छ ऐकू येतो. सगळ्या बोल्टांसमोर तो सारखा यायला हवा. एखादा उतरलेला असेल तर पाव फेऱ्याहूनही कमी चढवा आणि लगेच त्याच्या समोरचा तपासा, कारण समोरासमोरचे बोल्ट एकमेकांना ओढतात. एखादा चढलेला असेल तर सरळ थोडा सोडून थांबू नका. लागतो त्यापेक्षा जास्त उतरवा आणि खालून वर येत स्वरावर थांबा. वरून उतरवत आणलेला बोल्ट आट्यांमध्ये सैल राहतो आणि दोन गाण्यांत पुन्हा उतरतो.

खालचं हेड चढं ठेवा. अंगठ्याने मध्यावर हलकं दाबलं तर जेमतेम दबेल इतकं. ते ढिलं असेल तर तारांना आपटायला घट्ट पृष्ठभागच मिळत नाही आणि आवाज भिजल्यासारखा येतो. अतीच ताणलं तर हेड हलणंच बंद करतं आणि आवाज गुदमरतो. वरचं हेड बसवल्यावर त्याला सा मानलं, तर खालचं ग ते प यांच्या दरम्यान कुठेतरी ठेवून पाहा. ही सुरुवातीची जागा आहे, नियम नव्हे.

वरच्या हेडचीही पद्धत तीच, फक्त इथे तळहाताने मध्यावर हलका दाब देऊन हेड धारेवर बसवता येतं. आपल्याला हवा तो आवाज इथे निवडायचा. सुरकुत्या जेमतेम गेल्यावर थांबलात तर रुंद, बसका आवाज मिळेल, काठीची उसळी मात्र कमी. बरंच चढवलं तर कडक तडाखा. स्वस्त स्नेअरला मी मधलाच ताण सुचवेन, कारण दोन्ही टोकांना शेल आणि धारेचे दोष जास्त उघडे पडतात. १४ इंची स्नेअरच्या मध्यावर मारल्यावर येणारा स्वर २०० हर्ट्झच्या आसपास असेल तर तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात. मोबाइलवरच्या ट्यूनरने तो मोजता येतो, पण कडेला टकटक करून येणारा आकडा बराच मोठा असतो. दोन्हींची गल्लत करू नका. आणखी एक हिशेब: स्वर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. एक सप्तक चढायला चौपट ताण लागतो. म्हणून आधीच घट्ट असलेला ड्रम चढवत नेण्यात फारसा फायदा नसतो, बोल्ट आणि लग मात्र सोसतात.

प्रत्येक ड्रमला एक-दोन जागा अशा असतात जिथे तो मोकळा बोलतो. ती जागा शोधायला वरचं हेड सगळीकडे सारखं, पाव-पाव फेऱ्याने चढवत प्रत्येक टप्प्यावर दहा-बारा ठोके ऐका. या कामाला घाई करू नये. हीच जागा सापडल्यावर त्या ड्रमबद्दलचं तुमचं मत बदलतं.

तारा बसवणं

तारा दोन्ही बेडच्या बरोबर मध्ये, दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर याव्यात आणि पट्टी रिमला टेकू नये. दोरीपेक्षा पातळ रुंद प्लास्टिकची पट्टी बरी, ती ओढ सारखी वाटते. स्ट्रेनरचा स्क्रू त्याच्या पल्ल्याच्या मधोमध ठेवून मगच पट्ट्या घट्ट करा, म्हणजे नंतर दोन्हीकडे जागा उरते.

आता स्क्रू पूर्ण सैल करून कडेजवळ अगदी हलके ठोके देत थोडा थोडा आवळा. आधी फरफर, मग खरखर, मग एका क्षणी ठोका नेटका होतो. तिथे थांबा. त्यापुढे आवळलं की तारा हेडला जखडतात, हलके ठोके गायब होतात आणि जोरातले कोरडे पडतात. ‘माझा स्नेअर गुदमरलेला वाटतो’ या तक्रारीला बहुतेक वेळा इथेच उत्तर असतं.

टॉम (सेटमधला बिनतारांचा ड्रम) वाजवल्यावर स्नेअरच्या तारा आपोआप कुरकुरतात, त्याचंही उत्तर तारा आवळणं हे नाही. टॉमचा आणि स्नेअरचा स्वर जवळ आला की हे वाढतं. टॉम थोडा चढवा किंवा उतरवा, फरक ऐकू येईल. पूर्णपणे हे कुठल्याच स्नेअरमध्ये जात नाही, महागातही नाही. बाकी वाद्यं सुरू झाली की ती कुरकुर ऐकूही येत नाही.

आसेचंही तसंच आहे. वाजवणाऱ्याचं डोकं ड्रमपासून हातभर अंतरावर असतं, म्हणून त्याला आस जास्त वाटते. काही लावण्याआधी दुसऱ्याला वाजवायला सांगून खोलीच्या पलीकडून ऐका. तरीही जास्त वाटलीच, तर जुन्या हेडची इंचभर रुंद रिंग कापून कडेला ठेवा. फुकटात काम होतं आणि नको तेव्हा उचलता येते.

नवी हेड्स पहिल्या काही दिवसांत थोडी सैलावतात, त्यामुळे दोन-तीनदा पुन्हा लावावी लागतील. रिमशॉट मारणाऱ्यांचे स्वतःकडच्या बाजूचे दोन बोल्ट सगळ्यात आधी उतरतात. त्यांच्या आट्यांना नळ बसवणारे वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळली तर ते बरेच टिकतात. शेलच वाकडं निघालं, किंवा धारेत खोल खाच पडलेली असली, तर नवी रिम आणि स्ट्रेनर यांवर खर्च करू नका. नवी हेड्स आणि तारा आज वापरा, पुढच्या १४ इंची स्नेअरवर त्याच बसतील.